पाऊणकीची रेघ

कोकण किनाऱ्यावर भरतीची वेळ काढायचा एक जुना हिशेब तोंडी चालत आला आहे. आजची तिथी घ्यायची, तिला तिनानं गुणायचं आणि चारानं भागायचं. चतुर्थी असेल तर तीन चोक बारा, बाराला चारानं भागलं की तीन. म्हणजे तीन वाजता भरती. अष्टमीला सहा वाजता. ज्यांनी पंतोजींच्या शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी घोकली होती त्यांना तेवढ्याही खटाटोपाची गरज नव्हती. चार पाऊण तीन, आठ पाऊण सहा, बारा पाऊण नऊ. पाऊणकीचा पाढा हेच भरतीचं वेळापत्रक होतं.

हा पाढा चौकटीच्या कागदावर मांडून पाहावा. आडव्या अक्षावर तिथी, उभ्या अक्षावर वाजलेले तास. प्रतिपदेचं टिंब पाऊण वाजता, द्वितीयेचं दीड वाजता, तृतीयेचं सव्वादोन वाजता. पंधरा टिंबं जोडली की चढत जाणारी सरळ रेघ मिळते. आता अमावास्येची आणि पौर्णिमेची भरती साधारण एकाच वेळी येते, म्हणजे पंधरा तिथींत भरतीची वेळ बारा तास पुढे सरकायला हवी. बारा तासांचे पंधरा भाग केले तर एका तिथीच्या वाट्याला ४८ मिनिटं येतात. पाऊणकी देते ४५. तीन मिनिटांची ही तूट साचत साचत पंधराव्या तिथीपर्यंत पाऊण तासाची होते. पाढा म्हणताना ती जाणवत नाही. पण त्याच कागदावर ४८ मिनिटांची दुसरी रेघ काढली, की सुरुवातीला एकाच ठिकाणाहून निघालेल्या दोन रेघा हळूहळू फाकत गेलेल्या डोळ्यांना दिसतात.

आलेख कशासाठी काढायचा, हे डहाणूच्या किनाऱ्यावरच्या मुलाला समजावायला एवढं उदाहरण पुरेसं आहे. पाढ्यात दडलेली गोष्ट रेघेत उघडी पडते. विल्यम प्लेफेअर या स्कॉटिश गृहस्थानं १७८६ मध्ये इंग्लंडच्या व्यापाराचे आकडे रेघांनी मांडून पुस्तक छापलं, ते याच कारणासाठी. तेव्हापासून बदलत गेली ती रेघ काढायची साधनं. प्रोग्रॅम लिहायला नुकताच शिकलेला मुलगा किंवा मुलगी आलेखासाठी कोणतं सॉफ्टवेअर घेईल, हा प्रश्न आजचा वाटतो. पण त्याची उत्तरं साठ वर्षांच्या इतिहासात पडलेली आहेत. त्यातली काही उत्तरं चुकली, काही बरोबर आली. कोणतं बरोबर हे ओळखायची फूटपट्टी मात्र डहाणू तालुक्यातच तयार झाली होती, संगणक इथे पोचायच्या कितीतरी आधी.

१९४५ मध्ये ताराबाई मोडक बोर्डीला आल्या. भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम केलेल्या, माँटेसरीची पद्धत पचवलेल्या या बाईंच्या सोबतीला अनुताई वाघ आल्या आणि ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झालं. मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच वस्तीतल्या अंगणात नेली. आज देशभर सरकारी फलकांवर दिसणारा ‘अंगणवाडी’ हा शब्द त्या कामातून आला. १९५७ मध्ये केंद्र कोसबाडच्या टेकडीवर हललं. तिथली आदिवासी मुलं गुरं राखायला जात, म्हणून शिक्षक कुरणावर गेले आणि कुरणशाळा भरली. माँटेसरीची साधनं महाग होती आणि परकी होती. त्यांची जागा खडे, बिया, शिंपले, पानं आणि मातीनं घेतली. मोजायला शिकायचं तर आधी जे हाताशी आहे ते मोजायचं, असा तो सरळ विचार होता.

या कामाकडे बालशिक्षणाचा एक प्रयोग म्हणून पाहिलं जातं. ते खरं आहे, पण अपुरं आहे. नवशिक्याला साधन कसं द्यावं याबद्दल कोसबाडनं तीन गोष्टी ठरवून टाकल्या. साधन हाताशी असावं. ते वापरताना साधनाशीच झगडावं लागू नये. आणि शिकणाऱ्याच्या भाषेत, त्याच्या जगातल्या वस्तूंवर ते चालावं. लाकडी ठोकळ्यांना लागू होणारी ही कसोटी सॉफ्टवेअरलाही तंतोतंत लागू होते.

आकडे वाचता येणं हा इथे केवळ शाळेतल्या गुणांचा मामला नव्हता. मे १९४५ मध्ये तलासरीजवळ झरी गावी वारली मोठ्या संख्येनं जमले आणि वेठ करणार नाही, रोजची बारा आणे रोख मजुरी मिळाल्याखेरीज सावकाराच्या शेतात पाऊल टाकणार नाही, असं त्यांनी ठरवलं. गोदावरी आणि शामराव परुळेकरांच्या नेतृत्वाखालचा तो लढा होता. लग्नासाठी थोडे रुपये उचलायचे आणि ते फेडण्यासाठी नवरा-बायकोनं वर्षानुवर्षं सावकाराकडे राबायचं, अशा माणसाला ‘लग्नगडी’ म्हणत. कर्ज किती होतं, किती फिटलं, किती उरलं हे सावकाराच्या वहीत होतं आणि वही सावकाराच्या हातात होती. कर्जाची रेघ खाली येते आहे की वर चढते आहे, हे ज्याचं कर्ज त्यालाच कधी दिसलं नाही.

त्या काळात डहाणूपासून रेल्वेनं सव्वाशे किलोमीटरवर मुंबईत दुसरंच काही घडू लागलं होतं. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या चमूनं देशातला पहिला मोठा इलेक्ट्रॉनिक संगणक बांधायला घेतला. छोटं प्रायोगिक यंत्र १९५६ मध्ये तयार झालं, पूर्ण यंत्र १९६० मध्ये चालू झालं आणि १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याला ‘टिफ्रॅक’ हे नाव दिलं. सुमारे २७०० निर्वात नळ्या, १७०० जर्मेनियम डायोड, १२,५०० रोधक. स्मृती मात्र २०४८ शब्दांची. आज हातातल्या फोनमधलं एक छायाचित्रही त्यात मावलं नसतं. तरी या यंत्राला कॅथोड-किरण नळीचा एक पडदा जोडलेला होता आणि त्यावर अक्षरांबरोबर आकृत्याही दाखवता येत. संगणकानं केलेलं गणित आकड्यांच्या रांगेऐवजी रेघेच्या रूपात पाहण्याची सोय इतकी जुनी आहे, आणि ती मुंबईत झाली, हे मराठी वाचकानं आवर्जून लक्षात ठेवावं.

मात्र ती सोय वैज्ञानिकांसाठी होती. जगभर तेच होतं. १९५९ च्या सुमारास अमेरिकेत कॅलकॉम्प कंपनीचा रूळावरच्या कागदावर पेनानं रेघ ओढणारा प्लॉटर आला. हे पेन चौकटीच्या कागदावरच्या सोंगटीसारखं एका वेळी एक घर सरके: आडवं, उभं किंवा तिरकं. मग पाऊणकीची रेघ काढायची कशी? चार घरं उजवीकडे जाताना तीन घरं वर चढायचं, पण नेमक्या कोणत्या पावलाला चढायचं आणि कोणत्या पावलाला नाही? आयबीएममध्ये काम करणाऱ्या जॅक ब्रेझनहॅम यांनी १९६२ मध्ये नुसत्या बेरीज-वजाबाकीवर हे ठरवणारी रीत शोधली. महाराष्ट्रातल्या तंत्रनिकेतनांत आणि पदवी महाविद्यालयांत संगणक चित्रणाचा विषय घेतलेल्या जवळजवळ प्रत्येक विद्यार्थ्यानं ती प्रात्यक्षिकाच्या वहीत उतरवलेली आहे.

नवशिक्याचा विचार पहिल्यांदा केला तो लोगोनं. १९६७ मध्ये सीमोर पॅपर्ट, वॉली फॉयर्झाइग आणि सिंथिया सॉलोमन यांनी मुलांसाठी ही भाषा बनवली, आणि पुढे तिच्यात कासव आलं. कासवाला सांगायचं, पुढे जा, उजवीकडे वळ. त्याच्या पोटाशी पेन असायचं आणि ते खरोखर जमिनीवर पसरलेल्या कागदावरून सरकत रेघ काढायचं. मुलाला अक्ष नको, निर्देशक नको. आपण स्वतः चालतो तसं कासवाला चालवायचं. डहाणू-तलासरीच्या पाड्यावर तारपा वाजू लागला की एकमेकांना धरून नाचणाऱ्यांची रांग वादकाभोवती गुंडाळत जाते. कासवाला ‘थोडं पुढे, थोडं वळ, पुढच्या वेळी थोडं जास्त पुढे’ एवढंच पुन्हापुन्हा करायला लावलं की तीच आकृती पडद्यावर उमटते. पायथन या आजच्या सर्वांत प्रचलित भाषेत हे कासव मुळातच आहे. वेगळं काही उतरवून घ्यावं लागत नाही.

महाराष्ट्रात हे कासव लहान मुलांपर्यंत पोचल्याचं एक ठळक उदाहरण रायगड जिल्ह्यातलं आहे. कर्जत तालुक्यातल्या खैराट-धनगरवाडा इथल्या छोट्या शाळेत २००७ मध्ये ‘प्रत्येक मुलामागे एक लॅपटॉप’ या जागतिक योजनेचा भारतातला पहिला प्रयोग झाला. हिरव्या-पांढऱ्या रंगाच्या त्या छोट्या संगणकांत कासवाचा खेळ घालूनच दिलेला असे.

त्याआधी, १९८४-८५ मध्ये, केंद्र सरकारनं ‘क्लास’ नावाची योजना काढून देशातल्या अडीचशेच्या आसपास शाळांत बीबीसी मायक्रो हे ब्रिटिश संगणक बसवले होते. आलेखाच्या दृष्टीनं या यंत्राचा एक गुण फार मोलाचा होता. त्याच्या बेसिक भाषेत पडद्याचा आरंभबिंदू डाव्या खालच्या कोपऱ्यात होता, आलेखाच्या कागदावर असतो तसाच. पडदा १२८० रुंद आणि १०२४ उंच मानलेला. ‘शून्य-शून्यवर जा’ आणि ‘१२००, ९०० पर्यंत रेघ ओढ’ अशा दोन आज्ञा दिल्या की पाऊणकीची रेघ तयार. वर्गात जे शिकलं तेच पडद्यावर दिसे.

मग टर्बो सी आलं.

बोर्लंड कंपनीनं ते १९८७ मध्ये बाजारात आणलं आणि पुढची पंचवीस-तीस वर्षं महाराष्ट्रातल्या संगणक प्रयोगशाळांवर त्या निळ्या पडद्याचं राज्य राहिलं. नागपूरच्या यशवंत कानेटकरांचं ‘लेट अस सी’ हे पुस्तक आणि टर्बो सी ही जोडी किती पिढ्यांनी वापरली याची गणती नाही. सी ही भाषा थोर आहे आणि कानेटकरांनी ती सोपी करून सांगितली, यातही वाद नाही. पण नवशिक्यानं त्या वातावरणात आलेख काढायचा म्हणजे आधी चित्रणाची लायब्ररी जोडायची, मग पडद्याची जात आणि पद्धत सांगणारी दोन चलं जाहीर करायची, मग बीजीआय नावाच्या फायली डिस्कवर कुठे ठेवल्या आहेत त्याचा पत्ता दुहेरी तिरक्या रेघा देऊन लिहायचा. पत्त्यात एक अक्षर चुकलं तर चित्रण सुरू झालेलं नाही असा इंग्रजी संदेश येई आणि अर्धा तास त्यातच जाई.

एवढं करून पाऊणकीची रेघ काढली तर ती खाली जायची. कारण इथे आरंभबिंदू डाव्या वरच्या कोपऱ्यात होता आणि उभा आकडा वाढला की टिंब खाली सरके. ६४० बाय ४८० च्या त्या पडद्यावर भरतीची वेळ तिथीगणिक कमी होताना दिसायची. ती सरळ करायला प्रत्येक उभा आकडा पडद्याच्या उंचीतून वजा करावा लागे. अक्ष स्वतः ओढायचे, खुणा स्वतः करायच्या, आकडे स्वतः लिहायचे, प्रमाण स्वतः ठरवायचं. पडद्यावरचं एकेक टिंब कसं पेटतं हे ज्याला शिकायचं आहे त्याच्यासाठी हे उत्तम शिक्षण आहे. ज्याला भरतीबद्दल काही जाणून घ्यायचं आहे त्याच्यासाठी ते चुकीचं साधन आहे. आपल्याकडे ही दोन कामं वेगळी आहेत हेच बराच काळ कोणी सांगितलं नाही, आणि संगणकावर आलेख काढणं फार अवघड असतं असा समज घेऊन कित्येक हुशार मुलं बाहेर पडली. नव्या विंडोजवर टर्बो सी चालेनासं झालं, तेव्हाही डॉसबॉक्स नावाच्या कवचात घालून ते चालवलं गेलं.

दुसऱ्या टोकाला एक्सेल होतं. २००१ मध्ये एमएस-सीआयटी सुरू झाली आणि तालुक्याच्या गावांत संगणकाचे वर्ग निघाले. रकाने निवडले, चार्टचं बटण दाबलं की रंगीत स्तंभालेख समोर. ही सोय लहान नव्हे. मोफत मिळणाऱ्या लिब्रऑफिसमध्येही ती आहे आणि हिशेबाच्या कामाला आजही तीच बरी. पण प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्याला तिच्यातून फार थोडं मिळतं. उद्या नवे आकडे आले की पुन्हा माऊस घेऊन तेच सारं करायचं, आणि काय केलं होतं त्याची लेखी खूण कुठे राहत नाही.

या दोन टोकांच्या मधली वाट १९८६ मध्येच निघालेली होती. थॉमस विल्यम्स आणि कॉलिन केली यांनी त्या वर्षी ग्नूप्लॉट लिहिलं. त्यात एकच ओळ लिहायची: ‘प्लॉट’, आणि पुढे पाऊण गुणिले एक्स. एंटर दाबताच अक्ष, खुणा, आकडे आणि चढती रेघ, सगळं समोर येतं. काही सांगितलं नाही तर ग्नूप्लॉट आडवा अक्ष उणे दहापासून दहापर्यंत धरतं, त्यामुळे रेघ शून्याच्या खालीही गेलेली दिसते. मग मूल विचारतं, उणे तिथी म्हणजे काय? या प्रश्नानंतर अक्ष शून्य ते पंधरा कसा करायचा हे शिकवावं. ते विसरलं जात नाही. जुन्यातल्या जुन्या संगणकावर ते चालतं, नेट लागत नाही, पैसे लागत नाहीत.

मॅटप्लॉटलिबची जन्मकथा वेगळी आहे. जॉन हंटर हे अमेरिकेतले मेंदूविज्ञानाचे अभ्यासक अपस्माराच्या रुग्णांच्या मेंदूतले विद्युत संदेश तपासत होते. त्यांच्या प्रयोगशाळेकडे आलेखाच्या महागड्या सॉफ्टवेअरचा परवाना एकच. त्याची किल्ली संगणकाला लावायची आणि सगळ्यांनी आळीपाळीनं वापरायची. त्या अडचणीतून हंटर यांनी पायथनसाठी स्वतःचं साधन लिहिलं आणि २००३ मध्ये सर्वांना मोकळं करून दिलं. २०१२ मध्ये ते अकाली गेले. त्यांचं मॅटप्लॉटलिब आज जगभरच्या संशोधनपत्रिकांतल्या आलेखांमागे असतं.

ते भारतातल्या महाविद्यालयांपर्यंत नेण्यात मुंबईचा वाटा मोठा आहे. पवईच्या आयआयटीतले विमानविद्येचे प्राध्यापक प्रभू रामचंद्रन यांनी तिन्ही मितींतले आलेख दाखवणारं मायावी हे साधन स्वतः घडवलं होतं. त्याच संस्थेत ‘फॉसी’ हा मुक्त सॉफ्टवेअरचा प्रकल्प उभा राहिला, आणि प्रा. कण्णन मौद्गल्य यांच्या पुढाकारानं स्पोकन ट्युटोरियल: साधारण दहा मिनिटांचा पाठ, पडदा इंग्रजीत पण कानावर पडणारी भाषा शिकणाऱ्याची, त्यात मराठीही. पाठ ऐकायचा, थांबवायचा, शेजारच्या खिडकीत तेच करून पाहायचं.

या पायथन पाठांचा जुना क्रम पाहण्यासारखा आहे. सुरुवातीची ओळख झाली की लगेच आलेखाचा पाठ येतो. मग आलेख सजवणं, जतन करणं, एकावर एक अनेक आलेख काढणं. मग फायलीतून आकडे वाचून त्यांचा आलेख, आणि त्यासाठी दिलेली फाइल लंबकाची: लांबी किती आणि आंदोलनाला वेळ किती. पाठ्यपुस्तकं ज्या क्रमानं जातात, आधी चलं, मग अटी, मग आवर्तनं, मग फलनं आणि वर्षाच्या शेवटी जमलं तर एखादं चित्र, तो क्रम इथे उलटा केला आहे. आधी रेघ दिसू द्या. बाकीचं व्याकरण तिच्या ओढीनं येईल. ताराबाई आणि अनुताईंनी या क्रमाला नक्की होकार दिला असता.

मॅटप्लॉटलिबमध्ये मराठी मुलाला एक खरी अडचण येते आणि ती शिक्षकाला आधीच माहीत हवी. अक्षाखाली ‘तिथी’ असं देवनागरीत लिहिलं तर पडद्यावर रिकामे चौकोन उमटतात, कारण त्याच्या मूळ फाँटमध्ये देवनागरी अक्षरंच नाहीत. फाँट बदलून चौकोन जातात. तरी ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला बसणं, जोडाक्षर सुटं पडणं हे प्रकार बऱ्याच संगणकांवर होतात. ग्नूप्लॉटला चित्रफाइल काढायला सांगताना कैरो हा पर्याय दिला, तर अक्षरजुळणी पँगो हे सॉफ्टवेअर करतं आणि मराठी नावं शुद्ध येतात. आपल्या अक्षावर आपलं अक्षर असणं ही सजावट नव्हे. मूल जे वाचू शकतं तेच ते तपासून पाहू शकतं.

गणिताच्या तासाला मात्र जिओजेब्राला तोड नाही. मार्कुस होहेनवार्टर या ऑस्ट्रियन विद्यार्थ्यानं २००१ च्या सुमारास साल्झबर्गला प्रबंधासाठी ते लिहायला घेतलं. राज्य मंडळाच्या गणिताच्या पाठ्यपुस्तकांत त्याचा उल्लेख आला आहे आणि त्याचे मराठी पाठही आहेत. समीकरण लिहिलं की रेघ येते. चढासाठी एक सरकपट्टी जोडली की ०.७५ वरून ०.८० पर्यंत नेताना पाऊणकीची रेघ ४८ मिनिटांच्या रेघेवर जाऊन बसताना दिसते. पण जिओजेब्रा हे पाहण्याचं साधन आहे, प्रोग्रॅम लिहायचं नव्हे. दोन्ही हवीत, आणि कोणतं कशासाठी हे मुलांना सांगायला हवं.

आलेखाची ही गरज डहाणू-तलासरीच्या दारात येऊन उभी राहिली ती नोव्हेंबर २०१८ मध्ये. धुंदलवाडी, हळदपाडा, दापचरी आणि आसपासच्या गावांची जमीन हलू लागली आणि हलतच राहिली. मोठा धक्का आणि मग लहान लहान, असा हा प्रकार नव्हता. लहान-मध्यम धक्क्यांची ही झुंड होती. १ फेब्रुवारी २०१९ रोजी दुपारी ४.१ तीव्रतेचा धक्का बसला. त्या दिवशी हळदपाड्यात घाबरून झालेल्या पळापळीत पडून दोन वर्षांच्या एका मुलीचा जीव गेला. १ मार्चला ४.३ चा धक्का आला. घरांच्या भिंतींना भेगा पडल्या, लोक थंडीत तंबूंत आणि उघड्यावर झोपले. राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्रानं आणि हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेनं भूकंपमापक बसवले आणि हजारो धक्क्यांची नोंद झाली. पावसाळ्यात खडकांच्या फटींतून खोल झिरपणारं पाणी हे एक संभाव्य कारण हैदराबादच्या शास्त्रज्ञांनी पुढे ठेवलं.

हे कारण पटतं की नाही, हा प्रश्नच मुळी आलेखाचा आहे. आडव्या अक्षावर दिवस, उभ्या अक्षावर त्या दिवशीच्या धक्क्यांची संख्या, आणि त्याच कागदावर पाऊस. भूकंपविज्ञान केंद्र नोंदवलेल्या धक्क्याची तारीख, वेळ, अक्षांश, रेखांश, खोली आणि तीव्रता जाहीर करतं. ही यादी म्हणजे कोसबाडच्या शिंपल्यांसारखीच हाताशी असलेली वस्तू आहे. अक्षांश-रेखांशांची टिंबं नुसती मांडली की कोणत्या गावांखाली जमीन हलते त्याचा नकाशा आपोआप तयार होतो, कोणी काढून द्यावा लागत नाही.

तीव्रतेचा आलेख तर धडाच आहे. ४.१ आणि ४.३ हे दोन स्तंभ शेजारी उभे केले तर उंचीत फरक जेमतेम दिसतो. पण तीव्रतेचा एक अंक वाढला की जमिनीची हालचाल दहापट आणि सुटलेली ऊर्जा साधारण बत्तीसपट होते. त्या हिशेबानं १ मार्चच्या धक्क्यात १ फेब्रुवारीच्या धक्क्याच्या दुप्पट ऊर्जा होती. तीच दोन मानं ऊर्जेच्या अक्षावर मांडली की एक स्तंभ दुसऱ्याच्या दुप्पट उंच होतो. अक्ष कोणता निवडला यावर आलेख काय बोलतो हे ठरतं. रात्री तंबूत झोपलेल्या माणसाला ‘४ च्या आसपासचा धक्का’ एवढंच सांगणं आणि हा आलेख दाखवणं, यात मोठं अंतर आहे. कर्जाची वही दुसऱ्याच्या हातात असण्याचे दिवस या तालुक्यांनी पाहिले आहेत. जमिनीची वही तरी इथल्या मुलांना स्वतः वाचता यायला हवी.

तेव्हा निवड कोणती? पहिल्या आठवड्यात पायथनचं कासव, आणि ते थॉनी या संपादकात. एस्टोनियातल्या टार्टू विद्यापीठात नवशिक्यांसाठीच बनवलेल्या थॉनीत पायथन आतच येतं, त्यामुळे बसवण्याची खटपट एकदाच. दुसऱ्या आठवड्यात मॅटप्लॉटलिब, तेही पाच ओळींचं: साधन बोलाव, तिथींची यादी, वेळांची यादी, काढ आणि दाखव. ‘दाखव’ ही शेवटची आज्ञा विसरली तर काहीच दिसत नाही आणि प्रत्येक नवशिका ती एकदा विसरतो. शिक्षकानं हे आधीच फळ्यावर लिहून ठेवावं. शाळेतला संगणक फार जुना असेल किंवा नावं मराठीत हवी असतील तर ग्नूप्लॉट. डेस्मॉस हे २०११ पासूनचं संकेतस्थळ सुरेख आहे, पण डोंगरातल्या पाड्यांवर नेट सगळीकडे सारखं मिळत नाही, म्हणून अभ्यासक्रम त्याच्या भरवशावर उभा करू नये. टर्बो सीचं चित्रण मात्र आता प्रात्यक्षिकाच्या वहीतूनही काढून टाकावं.

डहाणू आणि तलासरीच्या शाळा-महाविद्यालयांतल्या शिक्षकांना एक विनंती आहे. या वर्षी संगणकाच्या पहिल्या तासाला भाषेचा इतिहास आणि संगणकाच्या पिढ्या बाजूला ठेवा. पंचांगातल्या पंधरा तिथी आणि पाऊणकीच्या पंधरा वेळा मुलांकडून लिहून घ्या, रेघ काढून घ्या, आणि मग कोळीवाड्यातून कोणाला तरी बोलावून विचारा की पौर्णिमेला भरती खरोखर किती वाजता आली.